वाईनचा चोथा आणि आपल्या रक्तवाहिन्या

‘रोज थोडी रेड वाईन घेतली तर हृदयाला चांगली असते म्हणतात, ते खरे का?’ घरात कुणाचा रक्तदाब वाढला की हा प्रश्न हमखास निघतो. कधी तो खऱ्या काळजीतून विचारलेला असतो, तर कधी आधीच ठरवलेल्या उत्तराला दुजोरा हवा म्हणून. सोलापूर जिल्ह्यात तो अधिक जवळचा आहे, कारण इथे द्राक्ष पिकते, त्याचा बेदाणा होतो आणि वाईनही होते. त्यामुळे या प्रश्नाचा नीट निकाल लावायला हवा.

या प्रकरणाचे म्हणणे असे आहे : द्राक्षात रक्तवाहिन्यांना उपयोगी पडू शकणारी द्रव्ये आहेत, हे बऱ्याच पुराव्याने दिसते. पण त्यांचा मोठा भाग बाटलीत जात नाही. तो वाईन गाळल्यावर उरणाऱ्या साली-बियांत, म्हणजे चोथ्यात राहतो. तेव्हा उपयोग शोधायचा असेल तर तो चोथ्यात शोधावा आणि अन्नाच्या रूपात शोधावा. वाईन पिण्यासाठी त्याची सबब करू नये आणि औषध म्हणून त्याचा गाजावाजाही करू नये.

१. वाईन झाल्यावर मागे काय उरते?

माळशिरस तालुक्यातल्या अकलूज परिसरात फ्राटेली वाईन्सचे द्राक्षमळे आणि कारखाना आहे. इटलीतले सेक्की, दिल्लीतले सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन कुटुंबांतल्या भावांनी मिळून हा उद्योग उभा केला. सांजोव्हेसे, काबर्ने सोव्हिन्यों, शार्दोने अशा परदेशी जातींची द्राक्षे तिथे होतात. ही द्राक्षे आपण बाजारातून आणतो त्यांच्यापेक्षा वेगळी असतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. याउलट आपल्या खाण्यातली थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन ही द्राक्षे बिनबियांची. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने पुढे आणलेल्या सोनाका आणि शरद सीडलेस या जाती महाराष्ट्रभर पसरल्या. खाणाऱ्याला बी नको असते, म्हणून खाण्याच्या द्राक्षातून बी गेली. पण या प्रकरणात ज्या द्रव्यांचा विचार करायचा आहे, त्यांचा सर्वांत मोठा साठा बीमध्येच असतो.

रेड वाईन करताना काळी द्राक्षे फोडून साल, बी आणि रस एकत्रच आंबवतात. साधारण एक-दोन आठवड्यांत यीस्ट साखरेचा मद्यार्क करते. तेवढ्या वेळात सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. मग द्रव काढून घेतात आणि उरलेला ऐवज दाबून पिळतात. व्हाईट वाईनसाठी मात्र आंबवण्याआधीच रस पिळून घेतात, त्यामुळे तिच्या चोथ्यात साखर शिल्लक असते. पिळलेल्या द्राक्षाच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चोथा म्हणून उरतो. चहा कितीही उकळला तरी गाळणीतल्या पत्तीत तुरटपणा आणि रंग उरतोच, तसेच इथे होते. द्राक्षातली तुरट द्रव्ये मुख्यतः बी आणि सालीत असतात, गरात फार थोडी. बी टणक असल्यामुळे वाईन होताना तिच्यातला थोडाच भाग बाहेर येतो, बाकीचा चोथ्याबरोबर जातो.

या तुरट आणि रंगीत द्रव्यांच्या मोठ्या कुटुंबाला पॉलिफिनॉल म्हणतात. त्यांतले दोन गट आपल्या कामाचे. काळ्या द्राक्षाच्या सालीला रंग देणारी अँथोसायनिन आणि बीमध्ये भरपूर असणारी, जिभेला आवळल्यासारखे वाटायला लावणारी प्रोसायनिडिन. यांतले दुसरे नाव पुढे पुन्हा पुन्हा येईल.

२. रक्तवाहिनी ही नुसती नळी नव्हे

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणू. १९८० सालापर्यंत बहुतेकांची समजूत होती की हा थर म्हणजे केवळ एक गुळगुळीत पडदा. त्या वर्षी अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की ठरावीक रसायन दिल्यावर रक्तवाहिनी सैल पडते, पण आतला थर खरवडून काढला तर तेच रसायन देऊनही ती सैल होत नाही. याचा अर्थ सैल होण्याचा निरोप हा थरच देत होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झाले. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतःस्तराचे काम दुहेरी आहे. नायट्रिक ऑक्साइड सोडून तो वाहिनी सैल करतो आणि रक्तातल्या बिंबाणूंना भिंतीला चिकटू देत नाही. दुसरीकडे एंडोथेलिन नावाचे द्रव्य सोडून तो वाहिनी आवळतोही. दोन्हींचा तोल असला की रक्त गरजेप्रमाणे वाहते. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढते वय यांनी हा तोल आवळण्याच्या बाजूला कलतो. वाहिनीत चरबीचे थर साचू लागण्याच्या आधी, बरीच वर्षे, अंतःस्तराचे काम बिघडायला लागलेले असते. म्हणून ‘एखादा पदार्थ रक्तवाहिन्यांना चांगला आहे का’ या प्रश्नाचा पहिला अर्थ असा : तो अंतःस्तराला त्याचे काम नीट करू देतो का?

३. साल आणि बी काय करतात?

१९९३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या महाधमनीच्या कड्यांवर एक प्रयोग केला. वाईन, द्राक्षाचा रस आणि सालीचा अर्क यांनी कडी सैल झाली. गराच्या अर्काने झाली नाही. अंतःस्तर काढून टाकल्यावर परिणाम नाहीसा झाला आणि नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखल्यावरही तेच घडले. यातून दोन गोष्टी कळतात. परिणाम अंतःस्तरामार्फत होतो आणि त्यासाठी मद्यार्क लागत नाही, कारण द्राक्षाच्या रसात मद्यार्क नसतोच.

लंडनमधल्या रॉजर कॉर्डर यांच्या गटाने तोलाची दुसरी बाजू तपासली. २००१ मध्ये त्यांनी रेड वाईनमधली पॉलिफिनॉल अंतःस्तराच्या पेशींत एंडोथेलिनची निर्मिती कमी करतात असे दाखवले. २००६ मध्ये त्यांनी त्यामागचे मुख्य द्रव्य प्रोसायनिडिन असल्याचे मांडले. म्हणजे बीमध्ये सर्वांत जास्त असलेला गटच पुढे आला.

प्रोसायनिडिनचा इतिहास सोलापूरकरांना ओळखीच्या पदार्थाशी जोडलेला आहे. बोर्दोचे संशोधक झाक मास्केलिए यांना ही द्रव्ये १९४० च्या दशकात प्रथम सापडली ती शेंगदाण्याच्या पातळ लालसर सालीत, आणि नंतर त्यांनी द्राक्षाच्या बियांतून ती काढली. फ्रान्समध्ये द्राक्षबियांच्या अर्काचे एंडोटेलॉन नावाचे औषध पायांच्या शिरांच्या तक्रारींसाठी वापरात आले. शेंगा चटणीसाठी दाणे भाजून जी साले पाखडून टाकली जातात, त्यांत हीच द्रव्ये असतात. फळाच्या ज्या भागाला आपण टाकाऊ समजतो, तिथेच झाडाने आपल्या संरक्षणाची तुरट द्रव्ये साठवलेली असतात. साल बुरशीला तोंड देते, तर बी पुढची पिढी सांभाळते, म्हणून ही द्रव्ये तिथे जास्त.

४. रेस्वेराट्रॉलने सगळे होते का?

वाईनच्या बाजूने बोलणारे बहुतेकदा रेस्वेराट्रॉल या एका द्रव्याचे नाव घेतात. इथे एक सोपे गणित करून पाहू. रेड वाईनमध्ये ते लिटरमागे सरासरी दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. माणसांवरच्या एका गाजलेल्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम दिले होते. तेवढे वाईनमधून मिळवायचे तर रोज ७५ लिटर प्यावी लागेल. अर्थात वाईनच्या पेल्यातल्या रेस्वेराट्रॉलचा हिशेब लागतच नाही. इटलीतल्या किआंती भागात ७८३ वृद्धांची नऊ वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आहारातून रेस्वेराट्रॉल जास्त मिळणाऱ्यांना ना हृदयविकार कमी झाला, ना त्यांचे आयुष्य वाढले.

यावरून ‘मग सगळेच खोटे’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. त्या पाहणीने एका द्रव्याचा दावा फेटाळला. प्रोसायनिडिनचे प्रमाण साली-बियांत रेस्वेराट्रॉलच्या कितीतरी पट असते आणि त्यांचा विचार वेगळाच करावा लागतो.

५. मद्यार्क मदत करतो की अडवतो?

फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो, याचे श्रेय १९९२ मध्ये सर्ज रेनो यांनी वाईनला दिले आणि जगभर वाईनची कीर्ती झाली. पण देशादेशांच्या तुलनेत आहार, हालचाल, उत्पन्न, मृत्यूची नोंद ठेवण्याची रीत अशा शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. उत्तर हवे असेल तर त्याच माणसाला मद्यार्कासह आणि मद्यार्काशिवाय वाईन देऊन पाहायला हवे.

बार्सिलोनात हे झाले आणि निष्कर्ष २०१२ मध्ये आले. हृदयविकाराचा धोका असलेल्या ६७ पुरुषांनी चार-चार आठवडे पाळीपाळीने रेड वाईन, मद्यार्क काढून टाकलेली तीच रेड वाईन आणि जिन घेतली. मद्यार्क काढलेल्या वाईनने वरचा रक्तदाब सुमारे ६ आणि खालचा सुमारे २ अंकांनी उतरला आणि रक्तातले नायट्रिक ऑक्साइड वाढले. जिनने काही फरक पडला नाही. मद्यार्कासह वाईन घेताना रक्तदाबात ठळक घट दिसली नाही. म्हणजे द्राक्षाची द्रव्ये जे देत होती, ते मद्यार्क हिरावून घेत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही असे जाहीर केले, कारण मद्यार्क कर्करोगाला कारण ठरतो. तेव्हा हृदयासाठी वाईन सुरू करण्याचा सल्ला टिकत नाही. आणि इथेच चोथ्याचे महत्त्व वाढते. त्यात द्राक्षाची द्रव्ये उरतात, आंबवलेल्या काळ्या द्राक्षाच्या चोथ्यात साखर जवळजवळ संपलेली असते आणि जो थोडा मद्यार्क असतो तो सुकवताना उडून जातो. मधुमेह्याला मूठभर गोड द्राक्षांपेक्षा असा चोथा साखरेच्या दृष्टीने हलका पडेल. व्हाईट वाईनच्या चोथ्याबाबत तसे म्हणता येणार नाही.

६. माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात?

उंदराच्या धमनीवरून माणसावर एकदम उडी मारता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माणसांवरचा पुरावा पाहू. चिलीमध्ये ३८ पुरुषांच्या एका चाचणीत काही जणांना १६ आठवडे रोज २० ग्रॅम रेड वाईनच्या चोथ्याचे पीठ दिले. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्यांचा रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर उतरल्याचे दिसले. स्पेनमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज साडेसात ग्रॅम द्राक्षतंतू १६ आठवडे दिल्यावर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही कमी झाले.

बियांच्या अर्कावर अधिक चाचण्या आहेत आणि त्यांच्या बेरजाही झाल्या. त्यांतल्या दोन पाहू. २०११ मध्ये नऊ चाचण्या आणि ३९० माणसे एकत्र धरली, तेव्हा वरचा रक्तदाब जेमतेम दीड अंकाने उतरला, खालच्या रक्तदाबात आणि कोलेस्टेरॉलमध्ये फरक दिसला नाही. २०१६ मध्ये १६ चाचण्या आणि ८१० माणसे धरली, तेव्हा वरचा सुमारे ६ आणि खालचा सुमारे ३ अंकांनी उतरलेला दिसला. दोन बेरजांत इतकी तफावत आहे, याचा अर्थ परिणामाचा आकार अजून पक्का झालेला नाही. चाचण्या लहान आहेत, अर्क वेगवेगळे आहेत, आणि पीठ खाणाऱ्याला आपण काय खातो हे कळतेच, त्यामुळे मनाचा परिणामही मिसळतो.

मग याची किंमत काय? औषधांवरच्या ४८ चाचण्यांची आणि सुमारे ३,४४,००० माणसांची एकत्रित पाहणी २०२१ मध्ये आली. वरचा रक्तदाब ५ अंकांनी उतरला की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण १० टक्क्यांनी कमी होतात, असे तीत आढळले. म्हणजे चोथ्याचा परिणाम खरोखर २ ते ६ अंकांचा असेल तर तो क्षुल्लक नाही. पण ज्याचा रक्तदाब १६० आहे त्याचे काम एवढ्याने होणार नाही. शिवाय चोथ्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात, असे कोणत्याही चाचणीने थेट दाखवलेले नाही. म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करून द्राक्षबियांची गोळी घेणे हा धोक्याचा निर्णय ठरेल. रक्त पातळ करणारे वॉर्फरिनसारखे औषध चालू असेल तर असा अर्क डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की प्रोसायनिडिनचे रेणू मोठे असतात, ते आतड्यातून रक्तात जातच नाहीत, मग रक्तवाहिनीपर्यंत पोचतात कसे? हे बरोबर आहे. मोठे रेणू पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करून लहान रेणू बनवतात. हे लहान रेणू रक्तात शिरतात. म्हणूनच ‘शरीरातला गंज काढणारे अँटिऑक्सिडंट’ ही जाहिरातीतली कल्पना तोकडी आहे. रक्तात या द्रव्यांचे प्रमाण इतके थोडे असते की ती स्वतः गंज पुसत बसतील हे संभवत नाही. ती पेशींना इशारा देतात आणि पेशी आपले काम बदलतात, ही समजूत पुराव्याशी अधिक जुळते. जिवाणू प्रत्येकाच्या पोटात वेगळे, त्यामुळे फायदाही प्रत्येकाला सारखा होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केवडा आणि भुरी या रोगांसाठी द्राक्षावर वारंवार फवारण्या होतात. बोर्डो मिश्रणातले तांबे आणि इतर औषधांचे अंश सालीवरच राहतात आणि साल तर चोथ्यातच जाते. ओला चोथा ढिगात पडून राहिला की बुरशी धरतो आणि काही बुरशींची विषे सुकवल्यावरही टिकतात. तेव्हा ‘नैसर्गिक आहे’ म्हणून चोथा सुरक्षित ठरत नाही. पण यावर उपाय आहे आणि तो आपल्याला नवा नाही. युरोपला द्राक्षे पाठवताना औषधांचे उर्वरित अंश तपासण्याची व्यवस्था महाराष्ट्रात वीसहून अधिक वर्षे चालू आहे आणि पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिच्या मध्यभागी आहे. परदेशी ग्राहकाच्या ताटासाठी जी तपासणी होते, तीच चोथ्याच्या पिठाला लावायला हवी.

तिसरा आक्षेप असा की द्राक्षबियांचे तेल बाजारात मिळते, तेच का घेऊ नये? कारण प्रोसायनिडिन तेलात फारशी विरघळत नाहीत. तेलात लिनोलिक आम्ल आणि काही प्रमाणात ई जीवनसत्त्व येते. तुरट द्रव्ये मात्र तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत राहतात. तेल वाईट नाही, पण या प्रकरणात सांगितलेला परिणाम त्याच्या नावावर खपवणे चुकीचे आहे. बी अख्खी गिळूनही उपयोग नाही, ती दळलेली हवी.

८. सोलापुरात काय करता येईल?

गणित असे मांडू. १०० किलो काळ्या द्राक्षांपासून २० किलो ओला चोथा उरला आणि त्यात ६० टक्के पाणी असले, तर सुकून ८ किलो राहील. चिलीतल्या चाचणीप्रमाणे माणशी रोज २० ग्रॅम धरले तर हे ४०० दिवसांचे पीठ झाले. म्हणजे एका क्विंटल द्राक्षाचा चोथा एका माणसाला वर्षभर पुरून उरतो. आज अशा चोथ्याचे बहुतेकदा खत होते किंवा तो थोडाफार जनावरांच्या चाऱ्यात जातो. जनावरालाही तो फार घालता येत नाही, कारण तुरट द्रव्ये चाऱ्यातली प्रथिने बांधून ठेवतात. न कुजवता ढिगाने शेतात टाकला तर उगवणीला त्रास होतो.

सोलापूर जिल्ह्याकडे यासाठी लागणारे बरेच काही आहे. वाईनच्या द्राक्षांचा हंगाम संपतो तो कोरड्या, कडक उन्हाच्या तोंडावर. पंढरपूर तालुक्यात बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत, वाऱ्यावर फळ सुकवण्याचे कसब मुरलेले आहे. सालीतला रंग उन्हाने आणि जास्त उष्णतेने खराब होतो, म्हणून चोथ्यालाही सावलीतली, जलद सुकवणीच लागते. मांजरीच्या केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून मांजरी मेडिका ही गडद रंगाच्या रसाची जात काढली आणि रसानंतर उरणारा भाग अन्नात वापरण्याकडे लक्ष वेधले. ती वाट वाईनच्या चोथ्यालाही खुली आहे. सोलापुरातच केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि डाळिंबाच्या सालीतही अशीच तुरट द्रव्ये भरपूर असतात. दोन्ही फळांच्या सालींचा विचार एकत्र करता येईल.

काम क्रमाने व्हायला हवे. चोथा पिळला त्याच दिवशी सुकवायला घ्यायचा. प्रत्येक खेपेची औषधांचे अंश, तांबे आणि बुरशीचे विष यांसाठी तपासणी करायची. मग बारीक दळून भाकरी-चपातीच्या पिठात किंवा बिस्किटात थोडे मिसळायचे, कारण जास्त घातले तर तुरटपणा खाऊ देणार नाही. आणि मुख्य म्हणजे पाकिटावर हृदयविकार बरा करण्याचा दावा छापण्याआधी आपल्या लोकांवर, आपल्या ज्वारी-बाजरीच्या आहारात, रक्तदाब मोजून नीट चाचणी करायची. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, द्राक्ष उत्पादक आहेत. चिलीत ३८ माणसांवर जे झाले ते इथे काही शे माणसांवर करणे आवाक्यातले आहे. निष्कर्ष अनुकूल निघाला तर शेतकऱ्याला नवे उत्पन्न आणि खाणाऱ्याला स्वस्त, उपयोगी अन्न मिळेल. प्रतिकूल निघाला तरी एका महागड्या गोळीवरचा लोकांचा खर्च वाचेल. तोपर्यंत घरी करण्यासारखे असे : द्राक्ष सालीसकट, नीट धुऊन, शक्यतो काळे खावे, दाण्याची लालसर साल टाकू नये, तंबाखू सोडावी, मीठ आवरावे आणि वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा.